बुडीत खात्यातली तबकडी

माणूस बुडणार की तरणार हे त्याच्या कर्जाच्या अर्जावरून ओळखता येतं, असा आमच्या बँकेत एक समज आहे. अर्ज जितका देखणा, तितकं कर्ज धोक्याचं. ज्याला धंद्यासाठी खरोखरच पैसे हवे असतात तो चुरगळलेला कागद, अर्धवट भरलेले रकाने आणि कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रूप फोटोतून कापून काढलेलं स्वतःचं डोकं घेऊन येतो. आणि ज्याचं खातं तीन वर्षांनी थकीत यादीत झळकायचं असतं, तो चकचकीत फाईल घेऊन येतो. तिच्यात रंगीत आलेख असतात आणि आलेखातली रेघ उजवीकडे जाता जाता आभाळाला टेकते. खाली उतरणारी रेघ मी आजवर एकाही प्रकल्प अहवालात पाहिलेली नाही. ती पुढे आमच्याच ताळेबंदात येते.

या सगळ्याचा गाण्याशी काय संबंध, असं वाचक विचारतील. संबंध आहे. मी बी.कॉम. आहे. बी.कॉम. झालेल्या माणसाला जगातल्या प्रत्येक गोष्टीला जमा आणि नावे अशा दोन बाजू दिसतात, आणि दोन्हींची बेरीज जुळेपर्यंत त्याला झोप लागत नाही. संगीताची समीक्षा करायचा माझा अधिकार काय तो एवढाच. बाकी 'सा' कुठे लागतो हे मला अजून कळत नाही. पण पैसे कुठे लागले हे चटकन कळतं.

तर गेले काही महिने लोकलमध्ये, कानात बोंडं घालून, मी एक अमेरिकन तबकडी ऐकतो आहे. तबकडी 1973 सालची. गायकाचं नाव जोब्रायथ आणि तबकडीचं नावही जोब्रायथच. ग्लॅम रॉक नावाच्या प्रकारात ती मोडते. ती निघाली तेव्हा कुणी घेतली नाही आणि आता ज्यांच्याकडे मूळ प्रत आहे ते ती दुसऱ्याला हातसुद्धा लावू देत नाहीत. आमच्या भाषेत सांगायचं तर निर्लेखित केलेली मालमत्ता.

ग्लॅम रॉक म्हणजे काय हे आधी सांगायला हवं. 1970 च्या सुमाराला रॉक संगीत भलतंच गंभीर झालं होतं. वादकानं मळकी जीन्स घालून, डोळे मिटून पंधरा पंधरा मिनिटं गिटार वाजवायची आणि श्रोत्यांनी ती सी.ए.च्या परीक्षेला बसल्यासारखी ऐकायची, असा रिवाज होता. 1971 मध्ये टी. रेक्स या बँडचा मार्क बोलन बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' या कार्यक्रमात डोळ्यांखाली चमकी लावून आला आणि इंग्लंडातल्या पोरांना एकदम आठवलं, की अरे, गाणं ही मजेची गोष्ट होती! मग साटीनचे कपडे आले, टाचांचे बूट आले, बाप्यांनी डोळ्यांत काजळ घातलं. गाणी पुन्हा तीन-साडेतीन मिनिटांत बसू लागली. 1972 मध्ये डेव्हिड बोवीनं झिगी स्टारडस्ट नावाचा एक काल्पनिक रॉक गायक निर्माण केला आणि स्वतःच तो होऊन रंगमंचावर उतरला. लाल केस, रंगवलेला चेहरा, अर्धा बाई, अर्धा बुवा, उरलेला परग्रहावरचा. (हे तीन अर्धे होतात हे मला कळतं. पण बोवीचा हिशेब असाच होता.)

आता जोब्रायथ. जन्म 1946, राज्य पेनसिल्व्हेनिया, पाळण्यातलं नाव ब्रूस वेन कॅम्पबेल. ज्यांच्या घरात मुलं आहेत त्यांना ठाऊक असेल, की बॅटमॅनचं मुखवट्यामागचं नाव ब्रूस वेन. म्हणजे या गृहस्थानं जन्मतःच एका मुखवटेवाल्याचं नाव लावलं होतं. पुढे तो सैन्यात गेला, तिथून रजेचा अर्ज न टाकता निघून आला आणि नाव बदलून जोब्रायथ झाला. आमच्याकडे नाव बदलायचं तर राजपत्राची प्रत लागते, दोन झेरॉक्स लागतात आणि तरीही सही जुळत नाही. तिथं एवढ्यावर भागलं असावं. 1968 मध्ये लॉस एंजेलिसला 'हेअर' या गाजलेल्या संगीतनाटकात त्याला भूमिका मिळाली. पियानोवर हात फिरत होताच. या नाटकाची नोंद वाचकांनी एका कोपऱ्यात करून ठेवावी. पुढे तिचा हवाला लागणार आहे.

मग त्याच्या आयुष्यात जेरी ब्रँट आला. ब्रँट हा व्यवस्थापक. त्यानं एका मोठ्या कंपनीनं नाकारलेली जोब्रायथची फीत ऐकली आणि त्याला त्या फितीत सोन्याची खाण दिसली. खाण दिसणं हा गुन्हा नाही. पण खाण दिसल्यावर माणूस आधी खणतो की आधी मंडप घालतो, यावर पुढचं ठरतं. ब्रँटनं मंडप घातला. इलेक्ट्रा कंपनीशी करार झाला तो पाच लाख डॉलरचा, असं जाहीर करण्यात आलं. तो आकडा फुगवलेला होता अशी चर्चा नंतर झाली. आम्हा बँकवाल्यांना यात नवल वाटत नाही. मंजूर झालेली रक्कम आणि प्रत्यक्ष हातात पडलेली रक्कम यांच्यामध्ये जे अंतर असतं, त्यात कितीतरी संसार मावतात. पण लोकांच्या लक्षात राहतो तो मंजुरीचाच आकडा.

पुढची हकीकत म्हणजे बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. तबकडी लोकांच्या कानावर पडायच्या आत जोब्रायथ डोळ्यांवर पडला. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरवर त्याचं अवाढव्य चित्र लागलं : अंगावर वस्त्र नाही, जुन्या रोमन पुतळ्यासारखा संगमरवरी देह. शहरातल्या बसगाड्यांवर तोच. मासिकांत पानभर तोच. ब्रँट मुलाखतींतून सिनात्रा, प्रेस्ली, बीटल्स अशी रांग लावून तिच्यात चौथ्या जागेवर जोब्रायथला उभा करू लागला. हा माणूस पॅरिसच्या ऑपेरात पदार्पण करणार, रंगमंचावर किंग काँग होऊन एम्पायर स्टेट इमारतीच्या प्रतिकृतीवर चढणार आणि वर पोचेपर्यंत त्याची मार्लिन डीट्रिख झालेली असणार, असंही जाहीर झालं. खर्चाचा आकडा पाहिल्यावर पॅरिस आधी पुढे ढकललं गेलं आणि मग रद्द झालं. किंग काँग खालीच राहिला.

लेखाकर्माच्या पहिल्या धड्यात एक तत्त्व शिकवतात : मालक वेगळा आणि धंदा वेगळा. मालकानं घरासाठी उचललेली साखर धंद्याच्या खर्चात घालायची नाही, ती त्याच्या उचल खात्यावर टाकायची. विद्यार्थी हे तत्त्व पाठ करतात आणि दुकानदार ते आयुष्यभर पाळत नाहीत. ब्रँटनं तर कमालच केली. त्यानं धंद्यात भांडवल म्हणून तो माणूसच घातला. गाणी नव्हे, पियानो नव्हे, माणूस. त्याचा देह, त्याचं चालणं, त्याचं प्रेम कुणावर बसतं ते, सगळं मालाच्या यादीत लावलं. धंदा बुडाल्यावर भांडवलाचं जे होतं तेच मग त्या माणसाचं झालं.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी, कारण साऱ्या प्रकरणाची कळ तिथं आहे. जोब्रायथ समलिंगी होता आणि तो ते मुलाखतींतून सरळ सांगत असे. मोठ्या कंपनीनं करारबद्ध केलेला, हे लपवून न ठेवणारा पहिला रॉक गायक म्हणून आज त्याचं नाव घेतात. वाचक म्हणतील, की बोवीही जानेवारी 1972 मध्ये एका इंग्रजी साप्ताहिकात असंच बोलून गेला होता. गेला होता. पण बोवीच्या घरी बायको होती, मूल होतं आणि बोलण्यात एक डोळा मिचकावलेला होता. लोकांना ती चमकी आवडली, कारण चमकी धुता येते. 3 जुलै 1973 ला लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमध्ये बोवीनं झिगीला भर रंगमंचावर निवृत्त करून टाकलं. आणि त्याच वर्षी ही तबकडी आली. म्हणजे वरात परत निघाली होती, घोडा तबेल्यात गेला होता आणि नवरदेवानं फेटासुद्धा सोडला होता, तेव्हा जोब्रायथ मांडवात शिरला. फरक एवढाच, की बोवीचा तो मुखवटा होता, त्याला तो काढता आला. याचा तो चेहरा होता. त्यानं काय काढावं? अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं समलिंगी असणं आजारांच्या यादीतून काढलं तेसुद्धा डिसेंबर 1973 मध्ये. पुरुषानं काजळ घातलेलं चालत होतं. घरी गेल्यावरही तो तसाच असेल, हे चालत नव्हतं.

असो. एवढा सगळा खर्च नावे टाकून झाला. आता जमेच्या बाजूला काय आहे ते पाहू. तिथं अकरा गाणी आहेत.

सुरुवातीला ती मला थोडी परीटघडीची वाटली. आवाजाला कंप फार, शब्द चावून चावून उच्चारायची सवय. 'टेक मी आय'म युअर्स' हे पहिलंच गाणं दारातून आत येतं तेच पाय आपटत. 'रॉक ऑफ एजेस'मध्ये हा माणूस रॉक अँड रोल गातो ते आतेभावाचा कोट घालून लग्नाला आल्यासारखं. कोट चांगला आहे, अंगाला बसलेलाही आहे, पण खिशात हात घालताना तो जरा बिचकतो. गिटारी जिथं जिथं पुढे येतात तिथं तिथं मला कुणाची ना कुणाची आठवण येत राहिली, आणि टीकाकारांनी त्याला बोवीची नक्कल म्हटलं असेल तर ते का, हेही ध्यानात आलं.

कोडं उलगडलं ते आमच्या हेडकॅशियरमुळे. हे गृहस्थ निवृत्तीला आलेले. नाट्यसंगीताशिवाय दुसरं काही ऐकत नाहीत आणि नोटा मोजतानाही ठेका धरतात. दुपारच्या डब्याच्या वेळी त्यांनी कुतूहलानं माझ्या कानातलं एक बोंडं स्वतःच्या कानात घातलं. तेव्हा 'मूव्ही क्वीन' चालू होतं. छोटंसं, नखरेल, पियानोवर ठुमकत जाणारं गाणं. त्यांनी ते संपेपर्यंत भाजीला हात लावला नाही. मग म्हणाले, "अहो, हा रॉकबिकवाला नव्हे. हा नाटकातला माणूस आहे. बघा ना, प्रत्येक ओळीला प्रवेश आणि एक्झिट घेतोय." आणि शांतपणे पोळीचा तुकडा मोडला.

सांगतो, एवढ्या एका वाक्यावर मी सगळी तबकडी नव्यानं ऐकली. वाचकांनी कोपऱ्यात ठेवलेली नोंद आता बाहेर काढावी. हा 'हेअर'मधून आलेला माणूस. त्याची मुळं गिटारीत नाहीतच. ती रंगभूमीत आहेत, जुन्या सिनेमांच्या पार्श्वसंगीतात आहेत, मद्यालयातल्या पियानोत आहेत. ध्वनिमुद्रणात त्याचा जोडीदार होता एडी क्रेमर, जिमी हेंड्रिक्सच्या तबकड्यांचं ध्वनिमुद्रण केलेला नामांकित तंत्रज्ञ. तो सांगत असे, की जोब्रायथला वाद्यवृंदासाठी लिहिता येत नव्हतं; त्यानं त्यावरचं एक पुस्तक विकत आणलं आणि आठवड्याभरात स्वतः लिहून दाखवलं. आमच्याकडे पुस्तक आणून आठवड्याभरात माणूस फार तर खात्यांतर्गत परीक्षेला बसतो. यानं व्हायोलिनं अशी लिहिली की 'बी स्टिल' ऐकताना लोकलमधला माझ्या पायावरचा पाय कुणाचा आहे हे मी पाहिलं नाही.

'स्पेस क्लाउन' घ्या. त्या वर्षी अंतराळवीर सगळेच होत होते. चंद्रावर माणसं जाऊन आली होती आणि प्रत्येक गायकाला एकेक यान हवं होतं. याचा अंतराळवीर मात्र सर्कशीतला विदूषक आहे. सूरही सर्कशीच्या तंबूतून आल्यासारखा गरगरतो. वर आकाशात जायचं आणि तिथंही लोकांना हसवायचंच काम करायचं! कारकुनाला याहून ओळखीची कल्पना दुसरी कुठली? मग 'इनसाइड'. सारा साज बाजूला सरतो, पियानो आणि माणूस उरतो. तिथं तो कंप मला नखरा वाटला नाही. थंडीत उभ्या असलेल्या माणसाच्या आवाजात असतो तसा तो आहे. शेवटचं 'ब्लो अवे' संपताना तर दिवे एकेक करून मालवल्यासारखे वाटतात. ही नाटकाची अखेर आहे; यानंतर टाळ्या येतात, किंवा येत नाहीत.

तेव्हा माझा निकाल असा. अकरातली चार गाणी उसनवारीची, तीन बरी आणि चार अशी की ती दुसऱ्या कुणाला सुचलीच नसती. बोवीच्या किंवा बोलनच्या शेजारी ही तबकडी ठेवून ती उंच की बुटकी हे मोजण्यात अर्थ नाही. ग्लॅम रॉकनं रॉकला नाटकाचे कपडे घातले. या माणसानं नाटकाला रॉकचे कपडे घातले. पुढे बाकीचे कपडे बदलून दुसऱ्या घरी गेले. याला दुसरं घर नव्हतं. या संगीताच्या इतिहासात तिची जागा शिखरावर नाही, पण ती काढली तर एक खोली बंद राहते, आणि त्या खोलीत पियानो आहे.

आता या तबकडीवर दोनदा अन्याय झाला असं माझं मत आहे. पहिला तेव्हा, जाहिरात पाहून लोकांनी ती नाकारली तो. दुसरा आता, कहाणी वाचून लोक ती डोक्यावर घेतात तो. दोन्ही वेळी गाणं ऐकायचं राहूनच गेलं. पूर्वी फलक मोठा होता, आता करुणा मोठी आहे. दयेनं ऐकलेलं गाणं आणि शिफारशीनं दिलेलं कर्ज, दोन्हींत तारण तपासलेलं नसतं. म्हणून मी ही कहाणी बाजूला ठेवून, मालक वेगळा आणि धंदा वेगळा या तत्त्वाला धरून अकरा गाण्यांचा हिशेब मांडला. त्यात चार निखालस जमेची निघाली. एवढी रक्कम कुठल्याही सहानुभूतीशिवाय येणं आहे.

तरी उरलेली कहाणी सांगितल्याशिवाय खातं बंद करता येत नाही. दुसरी तबकडी 1974 मध्ये निघाली, तीही पडली. ब्रँटनं अंग काढून घेतलं. अलाबामातल्या एका विद्यापीठात शेवटचा कार्यक्रम झाला, आणि गंमत म्हणजे तिथं लोकांनी त्याला पुन्हा पुन्हा परत बोलावलं. पण तोवर फाईल बंद झाली होती. पुढे तो न्यूयॉर्कच्या चेल्सी हॉटेलात राहिला आणि कोल बर्लिन असं नवं नाव घेऊन उपाहारगृहात पियानोवर जुनी गाणी म्हणू लागला. कोल पोर्टरमधला कोल, अर्व्हिंग बर्लिनमधला बर्लिन. पाहा, शेवटी माणूस आपल्या खऱ्या घराण्याकडेच गेला. जेवणाऱ्या मंडळींना चमच्यांच्या आवाजात ते कितपत ऐकू आलं असेल कोण जाणे. 3 ऑगस्ट 1983 रोजी तो एड्सनं वारला. वय छत्तीस. कर्मचारी म्हणून लागला असता तर नुकती कुठे दुसरी बढती मिळाली असती.

1992 मध्ये मॉरिसी या इंग्लिश गायकाला वाटलं, की आपल्या दौऱ्यात आपल्या आधी जोब्रायथनं गावं. त्यानं शोध घ्यायला सांगितलं तेव्हा कळलं, की त्याला जाऊन नऊ वर्षं झाली. 2004 मध्ये त्याच मॉरिसीनं त्याच्या गाण्यांचा संग्रह काढला, 2012 मध्ये त्याच्यावर माहितीपट झाला, आणि गाणी माझ्यासारख्याच्या कानातल्या बोंडापर्यंत येऊन पोचली.

लेखाकर्माच्या परीक्षेत यावर एक हमखास प्रश्न असतो. एखादं येणं बुडीत म्हणून काढून टाकलं, आणि वर्षांनंतर ते अचानक वसूल झालं, तर नोंद कशी कराल? निम्मी मुलं इथं चुकतात. ती आलेली रक्कम त्या माणसाच्या खात्यावर जमा करतात. तसं करायचं नसतं. त्याचं खातं बंद झालेलं असतं. रक्कम 'बुडीत कर्ज वसुली' नावाच्या वेगळ्याच खात्यावर जमा धरायची आणि फायद्यात मिळवायची. नियम अगदी बरोबर आहे. मी स्वतः तशा नोंदी कितीदा केल्या आहेत. पैसे येतात, सगळ्यांना बरं वाटतं, बेरीज जुळते. फक्त ज्याच्यामुळे ते आले, त्याच्या नावापुढे काही लिहिलं जात नाही.